गोल्फचा स्विंग दुसऱ्याच्या डोळ्यांनी कसा सुधारायचा

मी मुद्रितशोधक आहे. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या मजकुरातले ऱ्हस्व-दीर्घ तपासते आहे. या धंद्यातला पहिला नियम असा की स्वतः लिहिलेलं स्वतः तपासायचं नाही. डोळे कागदावर फिरत असतात, पण आपण वाचतो ते मनात असलेलं. कामावर हा नियम मी कधी मोडला नाही. गोल्फमध्ये मात्र सहा वर्षं रोज मोडत होते. व्हिडिओ बघायचे, रेंजवर (सरावाच्या मैदानावर) जायचं, शंभर चेंडू मारायचे आणि त्यातले सत्तर उजवीकडे कोयत्यासारखे वळून गेले की पुन्हा नवीन व्हिडिओ शोधायचा. हँडिकॅप (खेळाची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला) २६वर येऊन बसला होता आणि तिथून उठायला तयार नव्हता.

४९व्या वर्षी शेवटी शिक्षक गाठला. पाच महिन्यांत आठ धडे झाले. हँडिकॅप आता १९ आहे. चमत्कार वगैरे काही नाही, पण चेंडू वाकडा गेला तर तो का गेला हे मला आता बहुतेक वेळा सांगता येतं. स्विंग (क्लब, म्हणजे गोल्फची काठी, फिरवून चेंडू मारण्याची हालचाल) कसा करावा हे शिकवायची माझी पात्रता नाही. तो शिक्षकाकडून कसा शिकून घ्यावा, एवढंच सांगते. मी उजव्या हाताने खेळते, त्यामुळे डावखुऱ्यांनी डावं-उजवं उलटं करून वाचावं.

शिक्षक निवडताना

माझी पहिली निवड चुकली. ते गृहस्थ खेळत छान. तासाभरात त्यांनी मला अकरा सूचना दिल्या (मी घरी येऊन मोजल्या), आणि त्या तासातला निम्मा वेळ ते स्वतःच चेंडू मारून दाखवत होते. उत्तम खेळणारा उत्तम शिकवेलच असं नाही, हे आपल्याला शाळेपासून ठाऊक असतं. तरी आपण भुलतो.

दुसऱ्या खेपेला शहाणी झाले. परवानगी घेऊन दुसऱ्या कुणाचा तरी धडा पंधरा मिनिटं लांबून पाहिला. या नव्या सरांनी समोरच्या मुलाला एकच गोष्ट सांगितली आणि तीच चार वेगवेगळ्या शब्दांत सांगून पाहिली. तीन शब्दरचना वाया गेल्या, चौथी लागू पडली. त्यानंतर आलेल्या एका वयस्क बाईंना त्यांनी अगदी वेगळं काही सांगितलं. मला एवढं पुरेसं होतं. सगळ्यांना एकाच साच्यात बसवणारा शिक्षक आणि अकरा सूचना देणारा शिक्षक, दोघांपासून लांब राहावं. प्रमाणपत्र असावंच, पण त्यावरून शिकवण्याची हातोटी कळत नाही. लाँच मॉनिटर (चेंडूचा वेग आणि दिशा मोजणारं यंत्र) असला तर उत्तम, नसला तरी अडत नाही. फोन करून दोन प्रश्न विचारा: दोन धड्यांच्या मधल्या काळात मी काय करायचं हे लिहून देता का? आणि जुनं दुखणं असेल तर त्याप्रमाणे बदल करता का? माझा उजवा खांदा दोन वर्षांपूर्वी आखडला होता. सरांनी पहिल्या पाच मिनिटांत हात वर करायला लावून तो तपासला आणि माझा बॅकस्विंग (क्लब मागे-वर नेण्याची हालचाल) कायमचा आखूड ठेवायचं ठरवून टाकलं. बॅकस्विंग पूर्ण व्हावा म्हणून मी दोन वर्षं त्या खांद्याशी भांडत होते.

पहिल्या धड्याला काय घेऊन जायचं

एक कागद. गेल्या पाच फेऱ्यांत वाईट फटके कोणत्या क्लबने बसले, चेंडू कुठून सुटला आणि कुठे वळला, एवढंच त्यावर लिहा. सरांनी मला पहिला प्रश्न हाच विचारला आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. चेंडू शेवटी कुठे पडला ते मला माहीत होतं. सुटला कुठून, ते मी कधी पाहिलंच नव्हतं.

दुसरं म्हणजे खोटं वागू नका. त्या दिवशी मी चक्क खोटं वागले. हळू, देखणा, पाहुण्यांसाठी ठेवणीतला काढावा तसा स्विंग केला. दहा चेंडू जवळजवळ सरळ गेले. सर वहीतून मान वर न करता म्हणाले, "छान. आता नेहमीचा दाखवा." अकरावा चेंडू शेजारच्या जाळीत गेला, तेव्हा कुठे धडा सुरू झाला.

चेंडू कुठून सुटतो याला एवढं महत्त्व का, ते नीट समजून घ्या. क्लब आणि चेंडूची गाठ जेमतेम अर्धा मिलिसेकंद पडते. त्या क्षणी क्लबफेसचं, म्हणजे क्लबच्या चेंडूला लागणाऱ्या सपाट भागाचं, तोंड जिकडे असेल, बव्हंशी तिकडेच चेंडू सुटतो. आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या) बाबतीत फेसचा वाटा साधारण पाऊण, ड्रायव्हरला (सगळ्यात लांब मारायच्या क्लबला) त्याहून जास्त. पुढे चेंडू वळतो तो फेसचं तोंड आणि क्लब फिरण्याचा मार्ग यांच्यातल्या फरकामुळे. अनेक वर्षं हे नेमकं उलटं शिकवलं जायचं: मार्ग सुरुवात ठरवतो आणि फेस वळण ठरवतो. ट्रॅकमॅनसारखी रडारवरची यंत्रं आल्यावर तो गैरसमज मोडला. फेस एक अंश चुकला तर १५० मीटरवर चेंडू सुमारे अडीच मीटर बाजूला जातो, तोही सरळ उडाला तर. वळण वेगळं.

माझे चेंडू लक्ष्याच्या किंचित डावीकडून सुटत आणि उजवीकडे वळत. म्हणजे फेस लक्ष्याच्या मानाने जरा डावीकडे होता, पण क्लबचा मार्ग त्याहूनही डावीकडे, बाहेरून आत, म्हणजे चेंडूच्या पलीकडून माझ्या अंगाकडे येणारा. चेंडू उजवीकडे जातो म्हणून मी पावलं आणखी डावीकडे वळवून उभी राहायचे. त्याने मार्ग आणखी डावीकडे जायचा आणि वळण वाढायचं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. हे सहा वर्षं चाललं होतं. सरांनी जमिनीवर दोन काठ्या ठेवून ते चार मिनिटांत दाखवलं.

एका धड्यात एकच गोष्ट

पहिला पूर्ण धडा ग्रिपवर गेला. मला वाटलं होतं स्विंगबद्दल काही कळेल, आणि इथे तासभर मूठ कशी धरायची! पण मार्ग सुधारण्याआधी फेस सुधारावा लागतो, हे नंतर पटलं. फेस उघडा (क्लबच्या मार्गाच्या मानाने उजवीकडे तोंड करून) राहतोय हे शरीराला कळलेलं असतं, म्हणून ते क्लब डावीकडे ओढून त्याची भरपाई करतं. आधी भरपाई काढून घेतली आणि फेस तसाच उघडा ठेवला, तर चेंडू थेट उजवीकडच्या झाडीत.

माझ्या डाव्या हातात क्लबचा दांडा तळव्यात आडवा बसायचा. तो बोटांच्या मुळांशी हवा. वरून खाली पाहिलं तर डाव्या मुठीवरचा एकच उंचवटा दिसायचा. सरांनी हात फिरवून दोन, जवळजवळ अडीच दिसतील असा केला. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच हनुवटीकडे रोखलेली होती, ती उजव्या खांद्याकडे आली. उजव्या हाताची करंगळी डाव्या तर्जनीवर ठेवायची की तिच्यात अडकवायची, हे त्यांनी माझ्यावर सोडलं. पहिली पद्धत हॅरी वार्डन या जुन्या गोल्फपटूच्या नावाने ओळखली जाते. दुसरी जॅक निकलॉस आणि टायगर वुड्स हे नामवंत खेळाडू वापरतात. माझी बोटं आखूड, म्हणून अडकवली. या मुद्द्यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. घालू देत.

नव्या ग्रिपने हात दुसऱ्याच कुणाचे तरी वाटत होते. पहिले सहा चेंडू डावीकडे, खालून, सरपटत गेले. मी रडवेली झाले, सर मात्र खूश. फेस बंद होऊ शकतो, हे सिद्ध झालं होतं.

धडा संपताना मी एक प्रश्न विचारला आणि पुढे प्रत्येक धड्यानंतर विचारत राहिले. तुम्हीही विचारा: "तुम्ही समोर नसताना हे बरोबर होतंय हे मला कसं कळेल?" चांगल्या शिक्षकाकडे याचं उत्तर असतं आणि ते डोळ्यांना दिसणारं किंवा कानांना ऐकू येणारं असतं. "आपोआप जाणवेल" असं उत्तर आलं तर पुन्हा विचारा. आपोआप काहीही जाणवत नाही.

कारण या खेळात जे जाणवतं ते घडत नसतं. दुसऱ्या धड्यात सरांनी मला डाउनस्विंगच्या सुरुवातीला हात शरीराजवळून खाली आणायला सांगितले. मी आणले. माझ्या मते क्लबची वाट फूटभर तरी बदलली होती. व्हिडिओत फरक बोटभर. मग मला हास्यास्पद वाटेल इतकं, क्लब मागून कमरेला आपटेल अशा बेताने खाली आणायला लावलं. मला ते नाटक वाटत होतं. व्हिडिओत ते अगदी साधं, नेहमीच्या स्विंगसारखं दिसत होतं. म्हणून शिक्षक "जास्त करा" म्हणाले की लाजू नका. आपल्याला जे अती वाटतं, ते बहुधा बेताचंच असतं.

रेंजवर एकटीने व्हिडिओ काढायचा तर फोनची जागा ठरलेली हवी. एक कोन मागून: फोन हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत, लक्ष्याकडे रोखलेला. दुसरा समोरून: छातीच्या समोर, पुन्हा हातांच्याच उंचीवर. फोन वीतभर इकडे-तिकडे झाला तरी क्लबचा मार्ग वेगळा दिसतो आणि आपण नसलेली चूक दुरुस्त करत बसतो. मी पट्टीवर खूण करून ठेवली आहे. स्लो मोशनमध्ये काढा, नाहीतर क्लबच्या जागी नुसता धूर दिसतो.

टोपीचा सराव

मार्ग बाहेरून आत का येतो? वरून खाली येताना जोर लावायची घाई होते आणि उजवा खांदा पुढे झेपावतो. हे मला व्हिडिओंनीही सांगितलं होतं. "खांदा मागे ठेव" असं मी स्वतःला हजारदा बजावलं होतं आणि ते पालथ्या घड्यावर पाणी ठरलं होतं. सरांनी खांद्याचं नावही घेतलं नाही. ड्रायव्हरची टोपी, म्हणजे हेडकव्हर, चेंडूच्या पलीकडे चार बोटांवर आणि किंचित मागे ठेवली आणि म्हणाले, "टोपी न लागता चेंडू मारा."

पहिल्या दहा वेळा टोपी नऊदा उडाली. मग अर्धा स्विंग, हात कमरेपासून कमरेपर्यंत. मग चेंडू न ठेवता. तिसऱ्या आठवड्यात दहांतून दोनदा उडू लागली. हे असं का जमतं, याचा अभ्यास झालेला आहे. गाब्रिएले वुल्फ या संशोधिकेने आणि सहकाऱ्यांनी १९९९मध्ये गोल्फचेच छोटे फटके शिकवून पाहिले. आपल्या हातांकडे लक्ष देणाऱ्यांपेक्षा क्लबच्या हालचालीकडे लक्ष देणारे जास्त अचूक शिकले. तेव्हा शिक्षकाने दिलेली सूचना शरीराच्या अवयवाबद्दल असेल आणि ती जमत नसेल, तर बाहेरच्या वस्तूच्या भाषेत काही सांगता येईल का, हे विचारून पाहा.

जमिनीशी संबंधित एक गोष्ट इथेच सांगते. आयर्नने चेंडू आधी आणि जमीन नंतर लागायला हवी. गवतावर एक रेघ ओढा, तिच्यावर क्लब ठेवून उभे राहा आणि चेंडू न ठेवता स्विंग करा. उखडलेली माती रेघेपासून लक्ष्याच्या बाजूला दिसली पाहिजे. माझी रेघेच्या वीतभर मागे असायची. रेंजवरच्या मॅटवर हे कळत नाही. क्लब मागे आपटून घसरत पुढे जातो आणि फटका छान बसल्यासारखा वाटतो. मॅट खोटं बोलते. मॅटवरच सराव करावा लागत असेल तर चेंडूच्या वीतभर मागे घडी केलेला रुमाल ठेवा. रुमाल हलला की समजायचं.

ड्रायव्हरला सरांनी सहाव्या धड्यापर्यंत हात लावू दिला नाही. लॉफ्ट (फेसचा वरच्या बाजूचा कल) जितका कमी, तितकं तिरकं वळण जास्त दिसतं, त्यामुळे जुनी चूक ड्रायव्हरमध्ये मोठी होऊन समोर येते आणि आपण घाबरून जुन्या सवयीकडे पळतो. मग चेंडू डाव्या टाचेच्या रेषेत, टी (चेंडू ठेवायची खुंटी) उंच, क्लब वर चढताना चेंडूशी गाठ. चेंडूच्या मागच्या बाजूला व्हाइटबोर्डच्या पेनाने ठिपका काढला की तो फेसवर उमटतो. माझे ठिपके सगळे दांड्याच्या बाजूला, टाचेवर. ड्रायव्हरच्या टाचेवर लागलेला चेंडू आपण होऊनच उजवीकडे फिरतो. निम्मी स्लाइस (चेंडू उजवीकडे वळण्याची खोड) तिथेच होती.

दोन धड्यांच्या मध्ये

सुरुवातीला मी हौसेने एकाच आठवड्यात दोन धडे घेतले. दुसरा वाया गेला, कारण सांगण्यासारखं नवीन काही घडलंच नव्हतं. दोन-तीन आठवड्यांचं अंतर मला मानवलं.

सरांनी माझे शंभर चेंडू चाळीसवर आणले. आठवड्यातून तीन वेळा. पहिले वीस टोपीच्या सरावाचे, सावकाश. उरलेल्या वीसांत प्रत्येक चेंडूला क्लब बदलायचा आणि लक्ष्यही बदलायचं. सात नंबरचा आयर्न, मग वेज (जवळच्या उंच फटक्यांचा क्लब), मग पाच नंबर. हा दुसरा भाग मला अजिबात आवडत नाही. एकाच क्लबने ओळीने मारले की विसावा चेंडू सुंदर जातो आणि घरी आनंदात येता येतं. पण मैदानावर कुणी सारखे वीस चेंडू मारू देत नाही. आलटून-पालटून केलेला सराव करताना वाईट दिसतो आणि नंतर जास्त टिकतो, हे इतर कौशल्यांतही दिसून आलेलं आहे.

ग्रिपचा सराव मी घरीच केला. एक जुना आयर्न टेबलाशी टेकवून ठेवला. दर दहा पानं तपासून झाली की उठायचं, मूठ बसवायची, उंचवटे मोजायचे, सोडायची. दिवसाला पंधरा-वीस वेळा. चेंडू नसल्यामुळे निकालाची भीती नाही. दुसऱ्याच्या हातांसारखे वाटणारे हात तीन आठवड्यांत माझे झाले.

आणि खेळ आधी बिघडेल. तिसऱ्या ते पाचव्या धड्याच्या दरम्यान माझा स्कोअर सरासरी आठने वाढला, म्हणजे तेवढे फटके जास्त लागू लागले. सोबतचे लोक हळहळायला लागले, "तुमचं आधीचंच बरं होतं." निक फाल्डो या इंग्लिश गोल्फपटूने १९८५मध्ये डेव्हिड लेडबेटर या शिक्षकाकडे स्विंग मोडून नवा बांधायला घेतला. दोनेक वर्षं त्यात गेली. मग १९८७ची ओपन स्पर्धा त्याने म्युरफिल्डला जिंकली, शेवटच्या फेरीत अठराच्या अठरा होल बरोबर ‘पार’मध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या फटक्यांत, संपवून. टायगर वुड्सने तर १९९७ची मास्टर्स स्पर्धा १२ फटक्यांनी जिंकल्यावर बुच हार्मन या शिक्षकाबरोबर स्विंग बदलायला घेतला. मला ना ओपन जिंकायची होती ना कुठे नाव कमवायचं होतं, तरी पाचव्या धड्याच्या आदल्या रात्री मी कच खाल्ली. एक व्हिडिओ पाहिला आणि त्यातलं कंबर आधी वळवण्याचं तंत्र गुपचूप मिसळलं. सरांनी तिसऱ्या चेंडूला विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

एका पुस्तकावर दोन मुद्रितशोधक दोन वेगळ्या नियमांनी बसवले तर काय होतं ते मी पाहिलेलं आहे. त्या दिवसापासून धडे चालू असेपर्यंत व्हिडिओ बंद. शंका आली तर वहीत लिहायची आणि पुढच्या धड्याला विचारायची. निम्म्या शंका तोवर विझलेल्या असतात.

शिक्षकावर आंधळा विश्वास ठेवा असंही नाही. चार-पाच धड्यांनंतर चेंडूच्या उड्डाणात काय बदललं हे त्याला आणि तुम्हाला दोघांनाही सांगता येत नसेल, तर नम्रपणे थांबा. स्कोअरवर मात्र जाऊ नका. तो सगळ्यात शेवटी बदलतो. आणि दुखलं तर तिथल्या तिथे सांगा.

मैदानावर

फेरी चालू असताना शिक्षक सल्ला देऊ शकत नाही. नियमांप्रमाणे सल्ला कॅडी (क्लबची पिशवी वाहणारा मदतनीस) किंवा जोडीदाराकडूनच घेता येतो, इतरांकडे मागितला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून खेळायच्या प्रकारात) दोन फटक्यांचा दंड. उभं राहण्याची दिशा कळावी म्हणून जमिनीवर काठी ठेवून मारणंही चालत नाही. म्हणून बरोबर नेता येईल असा एकच विचार ठरवून घ्या. माझा, "टोपी चुकव." चेंडूपाशी जाण्याआधी म्हणायचा, मग गप्प.

आठांतला एक धडा मैदानावर घ्यायचा आग्रह धरा. आमचा सातवा तसा झाला, नऊ होलचा, स्पर्धेबाहेरचा. रेंजवर मॅटच्या कडा मला सरळ उभं करत होत्या. उघड्या फेअरवेवर (मैदानातल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) माझे पाय नकळत लक्ष्याच्या वीसेक पावलं डावीकडे रोखलेले निघाले. जुनी सवय स्विंगमधून गेली होती, उभं राहण्यात शिल्लक होती. आता मी चेंडूच्या मागे उभी राहून लक्ष्याच्या रेषेवर हातभर पुढे एखादं पान किंवा गवताचा तुकडा हेरते, आधी फेस त्याच्याकडे लावते आणि मग पावलं. निकलॉस हेच करायचा. जॅक ग्राउट हे त्याचे लहानपणापासूनचे शिक्षक. अठरा मेजर (सगळ्यात मानाच्या स्पर्धा) जिंकणारा हा माणूस दर मोसमाच्या सुरुवातीला त्यांच्याकडे जाऊन ग्रिप आणि उभं राहण्यापासून पुन्हा उजळणी करायचा.

आठव्या धड्यात सरांनी एक नवाच खेळ काढला. चेंडू मारायचा, मान खालीच ठेवायची, आणि वर न बघता सांगायचं: फेसवर कुठे लागला, कुठून सुटला, कुठे वळला. मग बघायचं. पहिल्या दिवशी दहांत तीन बरोबर आले. गेल्या शनिवारी सहा. रेंजवरचे शेवटचे दहा चेंडू मी आता असेच मारते, आणि बाजूच्या मॅटवरचे लोक मी स्वतःशी काय पुटपुटते म्हणून बघत राहतात. पुढचा धडा महिन्याभराने आहे. "वेज घेऊन या आणि ड्रायव्हर घरी ठेवा," एवढंच सर म्हणालेत.